थकलेले ई-चलन आणि कायदा: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे: मोबाइलवर आलेले आणि न भरता तसेच राहिलेले ई-चलन. पत्रलेखकांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक गाळून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. ज्यांच्या हाती न्यायालयाचा कागद पडला आहे, त्यांनी तो घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटावे.

प्रश्न: माझ्या मोटारीवर गेल्या तीन वर्षांत सहा-सात चलने झाली आहेत. बहुतेक नौपाड्यात राम मारुती रोडच्या आसपास ‘नो पार्किंग’ची आहेत आणि एक पाम बीच मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे. कोणी अडवले नाही, कोणी घरी आले नाही, म्हणून मी भरली नाहीत. कार्यालयातले सहकारी सांगतात की सहा महिने उलटले की चलन आपोआप रद्द होते. आता लोक अदालतीचा संदेश आला आहे. गेलो नाही तर अटक होईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: लोक अदालतीला गेला नाहीत म्हणून कोणी अटक करणार नाही. पण आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे महागात पडू शकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ई-चलनात दाखवलेली रक्कम ही न्यायालयाने सुनावलेली शिक्षा नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० ने काही ठरावीक गुन्हे न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटवण्याची मुभा दिली आहे आणि त्यासाठी किती रक्कम घ्यायची हे राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवते. केंद्राची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. महाराष्ट्राने मात्र वाढीव रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या. ही रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. भरली नाही, तर आपण तडजोड नाकारली असा त्याचा अर्थ होतो आणि पोलिसांना प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचा मार्ग मोकळा होतो. तेथे रक्कम ठरवणे न्यायालयाच्या हाती असते. ‘नो पार्किंग’सारख्या किरकोळ उल्लंघनासाठी कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हलक्या मोटारीने वेगमर्यादा ओलांडल्यास कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त होऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद आहे. पैशांपेक्षा ही दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तडजोड करून मिटवलेला गुन्हासुद्धा ‘यापूर्वी घडलेला गुन्हा’ म्हणून धरला जातो. म्हणजे पहिले चलन निमूट भरले म्हणून दुसऱ्या वेळी आपण पहिल्यांदाच चुकलो असे म्हणता येत नाही. तसेच काही गंभीर उल्लंघनांत तडजोडीची रक्कम भरल्यानंतरही परवान्याबाबतची कारवाई वेगळी चालू राहू शकते.

आता सहा महिन्यांविषयी. फौजदारी कायद्यात लहान गुन्ह्यांची दखल घेण्यास न्यायालयावर मुदतीचे बंधन आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्यासाठी सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यासाठी एक वर्ष आणि एक ते तीन वर्षांपर्यंतच्या कैदेसाठी तीन वर्षे अशी ती मुदत आहे. त्यामुळे आपल्या ‘नो पार्किंग’च्या जुन्या चलनांवर, सहा महिन्यांच्या आत खटला दाखल झालेला नसेल तर, मुदतीचा आक्षेप नक्कीच घेता येतो. मात्र सिग्नल तोडल्याचे प्रकरण कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या सदरात नोंदवले गेले असेल, तर तेथे कैदेचीही तरतूद असल्याने सहा महिन्यांचा हिशेब लागू पडत नाही. मद्य पिऊन वाहन चालवणे (कलम १८५) किंवा परवान्याशिवाय वाहन चालवणे (कलम १८१) यांनाही तो लागत नाही. शिवाय विलंबाचे समाधानकारक कारण असेल किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटेल, तर कलम ५१९ खाली न्यायालय मुदतीनंतरही दखल घेऊ शकते.

आणि मुख्य गोष्ट अशी की हे बंधन न्यायालयावर आहे, संगणकावर नाही. सहा महिने झाले म्हणून संकेतस्थळावरील नोंद पुसली जात नाही. आपण गाडी विकायला काढाल, परराज्यात नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागाल, तेव्हा ठाण्याच्या आरटीओत त्याच थकीत नोंदी समोर येतात आणि काम अडते. तीन वर्षे जुन्या ५०० रुपयांसाठी मुदतीचा मुद्दा घेऊन भांडायचे की गाडीचा व्यवहार मोकळा करायचा, हा मग कायद्यापेक्षा सोयीचा प्रश्न होतो आणि बहुतेक लोक सोय निवडतात. शासनाने खटले वेळेत दाखल करावेत किंवा मुदत संपलेल्या नोंदी स्वतःहून काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. नागरिकाला वर्षानुवर्षे टांगणीवर ठेवून गरजेच्या वेळी त्याची अडवणूक करणे काही योग्य नाही.

लोक अदालतीचा संदेश बहुधा ‘दाखलपूर्व’ प्रकरणाचा असतो, म्हणजे खटला अजून न्यायालयात गेलेला नसतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली भरणाऱ्या या अदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीनेच निवाडा होतो. ती कोणाला दोषी ठरवत नाही आणि गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षाही करत नाही. तिथे गेल्याचा फायदा असा, की सगळी चलने एकाच बैठकीत समोर ठेवता येतात, चुकीची कोणती आणि खरी कोणती हे सांगता येते आणि मिटलेले प्रकरण कायमचे मिटते, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. रक्कम कमी होईलच असे मात्र गृहीत धरू नका. तेलंगणाने २०२२ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये थकीत चलनांवर मोठी सूट दिली होती; तेव्हापासून आपल्याकडेही ‘निम्म्यात मिटते’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. त्यांच्या भरवशावर थांबू नये.

आपण असे करावे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून संपूर्ण यादी काढा. प्रत्येक चलनापुढे तारीख, ठिकाण, कलम आणि छायाचित्र पाहा. वेगमर्यादेचे चलन खरे असेल तर ते आधी भरा, कारण पुढच्या वेळी परवान्यावर येणारी गोष्ट तीच आहे. उरलेल्यांपैकी जी आपल्याला मान्य नाहीत त्यांच्यावर हरकत नोंदवा आणि हरकतीची पोच जपून ठेवा.

प्रश्न: मुलुंडहून ठाण्यात येताना एका चौकात वाहतूक पोलिसांनी थांबवले. त्या दिवशी माझी काहीच चूक नव्हती. पण यंत्रावर जुनी चार चलने दिसली आणि ‘आत्ताच्या आत्ता सगळी भरा, नाहीतर गाडी जमा करतो’ असे सांगून त्यांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली. असे करता येते का? (कोपरी, ठाणे)

उत्तर: थकबाकी आहे हे दाखवून ती भरण्यास सांगणे यात गैर काही नाही. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार मात्र कलम २०७ मध्ये आहे आणि तेथे दिलेली कारणे निराळी आहेत: चालकाकडे परवाना नसणे, चालकाचे वय कमी असणे, वाहनाची नोंदणी नसणे, परवान्याविना प्रवासी किंवा माल वाहतूक करणे अशा स्वरूपाची. जुना तडजोड दंड थकला आहे, हे कारण त्या कलमात नाही. किल्ली काढून घेण्याचा उल्लेखही अधिनियमात कोठे सापडत नाही.

तरीही रस्त्यावर वाद घालून आपला मुद्दा सिद्ध करण्याच्या भरीस पडू नये. गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवणे कलम १३० नुसार बंधनकारक आहे. मोबाइलमधील डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरील कागदपत्रेही चालतात. कागदपत्रे दाखवावीत, ‘ही चलने मला तपासायची आहेत, ऑनलाइन भरीन किंवा हरकत घेईन’ असे शांतपणे सांगावे आणि गाडी जमा करणारच असतील तर कोणत्या कलमाखाली, हे पावतीवर लिहून मागावे. लेखी कारण मागितले की बऱ्याच वेळा सूर बदलतो. नंतर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे वेळ, ठिकाण आणि नावाच्या पट्टीवरील आडनाव देऊन लेखी तक्रार करता येते. पैसे दिले असतील तर त्याची यंत्रावरील पावती आपल्याजवळ हवीच.

प्रश्न: माझी मोटारसायकल त्या दिवशी दुपारी नेरुळ स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये होती आणि त्याच वेळी कल्याणात हेल्मेट न घातल्याचे चलन माझ्या नावावर आले. छायाचित्रातली गाडी लाल आहे, माझी काळी. भरून टाकावे का? थोडक्याच रकमेचा प्रश्न आहे. (नेरुळ)

उत्तर: भरू नका. थोडक्या रकमेसाठी न केलेला गुन्हा कबूल केल्यासारखे होईल, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो आपल्या नावावर ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून राहील. हेल्मेटच्या गुन्ह्यात, म्हणजे कलम १९४ड खाली, १,००० रुपये दंडाबरोबर तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, हेही विसरू नये.

छायाचित्र मोठे करून पाटीवरचा प्रत्येक आकडा पाहा. ‘३’ आणि ‘८’ किंवा इंग्रजी ‘बी’ आणि ‘८’ यांची गल्लत ही अशा चुकांत नेहमी दिसणारी गोष्ट आहे. पाटी वाकडी असेल, तिच्यावर चिखल असेल किंवा आकडे कलाकुसरीने लिहिलेले असतील, तर ही गल्लत आणखी वाढते. आकडा चुकला असेल तर प्रकरण सोपे आहे: ई-चलन संकेतस्थळावरील तक्रारीच्या सोयीतून आपल्या गाडीचे पुढून आणि मागून काढलेले छायाचित्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि पार्किंगची पावती जोडून हरकत नोंदवा. नोंदणी प्रमाणपत्रावर रंग लिहिलेला असतो, त्यामुळे आपला मुख्य पुरावा शासनाच्याच कागदावर आहे.

पाटीवर हुबेहूब आपलाच क्रमांक असेल आणि गाडी दुसरी असेल, तर कोणीतरी आपला क्रमांक वापरत आहे. तेव्हा हरकतीबरोबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत आरटीओला, आपल्या बाबतीत एमएच-४३ च्या वाशी कार्यालयाला, द्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर ही तक्रार आपल्याला तारून नेईल. असा पुरावा जमवताना मोटारमालकांनी एक बदल ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसर येथील मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आहे, त्यामुळे ‘त्या वेळी मी वाशी नाक्यावर होतो’ हे दाखवणारी फास्टॅगची नोंद आता मिळत नाही. सोसायटीच्या फाटकावरील कॅमेरा, कार्यालयातील हजेरी किंवा पेट्रोल पंपावरचा व्यवहार अशा नोंदी वेळीच मागून ठेवाव्यात. कॅमेऱ्यांतील चित्रण फार दिवस टिकत नाही.

हरकत फेटाळली गेली तरी आपला हक्क संपत नाही. प्रकरण न्यायालयात गेल्यावर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. कॅमेऱ्यातील नोंद पुरावा म्हणून वापरण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. यंत्राने टिपलेल्या उल्लंघनांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जोडलेल्या नियम १६७अ मध्ये, त्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नूतनीकृत व्हावे असे म्हटले आहे. वाहनचालकांना कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे फलक लावावेत आणि उल्लंघनाची सूचना १५ दिवसांत पाठवावी, असेही त्या वेळच्या तरतुदीत होते. या नियमांत केंद्र सरकार फेरबदल करत असते, म्हणून हरकतीची आणि भरण्याची मुदत प्रत्यक्ष चलनावर जी छापली असेल तीच धरून चालावे.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी स्कूटर विकली. घेणाऱ्याने ‘नावावर मी करून घेतो’ म्हणून सह्या केलेले फॉर्म नेले. चलने अजून माझ्याच मोबाइलवर येतात आणि तो फोन उचलत नाही. (कोपरखैरणे)

उत्तर: आपल्यासारख्या सज्जनांची ही फसगत फार जुनी आहे. कलम ५० नुसार, दोघेही याच राज्यातील असतील तर, विक्रेत्याने विक्रीनंतर १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणजे जबाबदारी दोघांवर आहे. केवळ सह्या करून फॉर्म २९ आणि ३० दुसऱ्याच्या हाती दिल्याने ती पार पडत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, अशी अधिनियमातील व्याख्या आहे आणि अपघाताच्या भरपाईच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, गाडी हातोहात अनेकदा विकली गेली असली तरी नोंदीतला मालकच जबाबदार, असा निकाल दिलेला आहे. म्हणून चलनाच्या रकमेपेक्षा उद्याच्या अपघाताची चिंता आपण अधिक करावी.

विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची बँकेतील नोंद, डिलिव्हरीची पावती, खरेदीदाराशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे, जे हाताशी असेल ते गोळा करा. खरेदीदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि विक्रीची लेखी सूचना वाशी आरटीओत देऊन पोच घ्या. १४ दिवस उलटून गेले असले तरी द्या. पोलिसांनी मालक म्हणून आपल्याकडे विचारणा केली, तर गुन्ह्याच्या वेळी वाहन कोणाकडे होते, त्याचे नाव आणि पत्ता देणे कलम १३३ नुसार आपले कर्तव्य आहे. ही माहिती दडवल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या बाबतीत ही विचारणा संकटापेक्षा संधीच ठरेल, कारण नाव अधिकृतपणे सांगण्याची वाट त्यातून मिळते. ज्या टुरिस्ट टॅक्सीमालकांनी गाडी चालकाच्या हाती दिलेली असते, त्यांनाही हेच लागू आहे: गाडी कोणत्या दिवशी कोणाकडे होती याची वही ठेवलेली असेल तर उत्तर देणे सोपे जाते.

प्रश्न: मुलीच्या स्कूटरचे चलन भरायचे राहून गेले. परवा पनवेलच्या न्यायालयाचे समन्स आले. आम्ही घरी नव्हतो म्हणून सोसायटीच्या वॉचमनने सही करून घेतले. ओळखीचे एक जण म्हणतात की वॉचमनने घेतलेला कागद ग्राह्य नसतो, जाऊ नका. मुलीला ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी परदेशी जायचे आहे आणि पासपोर्टचा अर्ज अजून करायचा आहे. (खारघर)

उत्तर: ओळखीच्या गृहस्थांचे कायद्याचे वाचन बरोबर आहे, सल्ला मात्र घातक आहे. समन्स ज्याच्या नावाचे ती व्यक्ती घरी नसल्यास कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे देता येते, आणि नोकर हा कुटुंबातला धरला जात नाही. मग वॉचमन तर दूरच. पण हा आक्षेप घेऊन काय साधणार? फार तर न्यायालय समन्स पुन्हा काढील. आता ते इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते. बजावणी योग्य झाली असे न्यायालयाला वाटले आणि तारखेला कोणीच हजर नसेल, तर पुढचा कागद जामीनपात्र वॉरंटचा असतो, आणि त्यालाही दाद दिली नाही तर अजामीनपात्र वॉरंटचा. शिवाय समन्स मिळूनही जाणूनबुजून हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. न्यायालयात हजर राहण्याचा आदेश मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्याला शिक्षा आहे. पाचशे-हजाराचे प्रकरण माणसाला पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत नेते ते या टप्प्यावर, आणि तेही मूळ चुकीपेक्षा नंतरच्या दुर्लक्षामुळे.

पासपोर्टच्या दृष्टीने तर हा टप्पा फार नाजूक आहे. ई-चलन थकले म्हणून पासपोर्ट नाकारला जात नाही. परंतु पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२) मध्ये पासपोर्ट नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत अर्जदारावर भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे आणि न्यायालयाने हजर राहण्यासाठी समन्स किंवा वॉरंट काढलेले असणे ही दोन कारणे आहेत. अर्जातही त्याविषयी विचारलेले असते. तेथे ‘नाही’ लिहिणे म्हणजे खोटी माहिती देणे होईल आणि त्याचे परिणाम मूळ चलनापेक्षा कितीतरी जड असतील. तेव्हा आधी हे प्रकरण निकाली काढावे, निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि मगच अर्ज भरावा.

ते निकाली काढणे अवघड नाही. समन्सचा कागद नीट वाचा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०८ मध्ये संक्षिप्त निकालाची सोय आहे: स्वतः येण्याऐवजी वकिलामार्फत हजर राहण्याची, किंवा गुन्हा मान्य असल्यास सुनावणीपूर्वी समन्सवर लिहिलेली रक्कम न्यायालयाकडे पाठवून देण्याची मुभा तेथे दिलेली असू शकते. तशी मुभा असेल, रक्कम वेळेत भरली आणि कबुली कळवली, तर त्या गुन्ह्याबद्दल पुढची कार्यवाही होत नाही. ती नसेल तर मुलीने वकिलासह तारखेला हजर राहावे. दंड होईल तो तिथल्या तिथे भरून पावती घ्यावी, कारण न्यायालयाने केलेला दंड न भरल्यास वसुलीसाठी जंगम मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि दंडाच्या बदल्यात साध्या कैदेचा आदेशही असू शकतो.

न्यायालय कोठले, याबाबत नवी मुंबईकरांची गडबड होते. पोलीस आयुक्तालय एकच असले तरी खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो. वाशी-नेरुळच्या बाजूची प्रकरणे ठाणे जिल्ह्याच्या अखत्यारीत, सीबीडी बेलापूरच्या न्यायालयात चालतात. राहता पत्ता कोठला यापेक्षा गुन्हा कोठे घडला हे महत्त्वाचे असल्याने खारघरच्या माणसाला बेलापूरचे आणि सानपाड्याच्या माणसाला पनवेलचे समन्स येऊ शकते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

प्रश्न: वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावरील मोटार मी वापरतो. तिच्यावर त्यांच्या हयातीतली काही आणि नंतरची काही चलने आहेत. (कळवा)

उत्तर: वडिलांनी स्वतः केलेल्या उल्लंघनाबद्दल त्यांच्या मृत्यूनंतर कोणावरही खटला चालत नाही, फौजदारी जबाबदारी वारसाहक्काने येत नाही. नंतरची चलने मात्र गाडी चालवणाऱ्याची, म्हणजे आपली आहेत. कलम ५० नुसार वाहनाचा ताबा घेणाऱ्या वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. ती मुदत टळली आहे, तेव्हा मृत्यूचा दाखला आणि अन्य वारसांची संमती घेऊन तो अर्ज आता करा. हयातीतली चलने आरटीओत आडवी आली तर मृत्यूच्या दाखल्यासह वाहतूक शाखेकडे लेखी हरकत घ्या. तत्त्वाला धरून भांडण्यापेक्षा रक्कम भरून मोकळे होणे आपल्याला परवडत असेल, तर त्यातही काही वावगे नाही. विमा कोणाच्या नावावर आहे तेही त्याच वेळी पाहून घ्या.

प्रश्न: सोळा वर्षांच्या मुलाने स्कूटर नेली आणि ऐरोलीत पकडला गेला. चलन आले की भरीन म्हणतो. (दिघा)

उत्तर: येथे भरून मिटवण्यासारखे काही नाही. अल्पवयीनाने वाहन चालवल्याचा कलम १९९अ चा गुन्हा तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत येत नाही. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, असे ते कलम आहे. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे आपल्याला सिद्ध करावे लागेल. किल्ली कोठे ठेवलेली असते, ती कोणी दिली, याबद्दल पोलिसांपुढे काही लिहून देण्याआधी वकिलाला भेटा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलवरील स्कूटर जवळपास सगळ्याच त्यापेक्षा मोठ्या इंजिनाच्या आहेत.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर ‘आपले चलन थकले आहे’ म्हणून एक फाइल आली आहे. उघडावी का? (घणसोली)

उत्तर: अजिबात नाही. ‘एपीके’ प्रकारची फाइल म्हणजे मोबाइलमध्ये उतरणारे ॲप असते आणि त्यातून बँकेचे संदेश व ओटीपी परस्पर वाचले जातात. शासन चलन असे पाठवत नाही. संदेशातील दुव्यावर न जाता ई-चलनाचे संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा क्रमांक टाकून पाहावा. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. फाइल चुकून उघडली गेली असेल तर मोबाइलचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.